एक ते पाच

आषाढात घोटीत पाऊस लागला की माणूस घरात कोंडला जातो आणि त्याला नसते उद्योग सुचतात. भातलावणीत माझा उपयोग नाही, हे गेल्याच वर्षी चिखलात बसकण मारून मी सिद्ध केलं होतं. म्हणून यंदा एपीएल शिकायला घेतलं.

एपीएल ही संगणकाची भाषा. केनेथ आयव्हर्सन या कॅनडाच्या गणितज्ञाने १९६२ साली पुस्तकातून मांडलेली. तिच्यात शब्द जवळपास नाहीतच, नुसत्या खुणा. गोलात चांदणी काढली की लॉगरिदम, गोलातून उभी रेघ मारली की आकड्यांची रांग उलटी. पूर्वी आयबीएमच्या टंकयंत्रात या खुणा कोरलेला वेगळा गोळा बसवत. आता फॉन्ट बसवतात. "त्यात काय एवढं!" असं मी बायकोला ऐकवलंसुद्धा.

पहिला धडा उघडला, तर पडद्यावर नुसते चौकोनी डबे. ते मी दोन दिवस इमानेइतबारे वहीत उतरवले. एपीएलमध्ये 'क्वाड' नावाचा एक डबा खरोखरच असतो, त्यामुळे संशयही आला नाही.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला.

"मामा, फॉन्ट टाकलात का?"

टाकला. तरी डबेच. मग 'फॉन्टची गर्दी झाली असणार' असा निकाल मीच दिला आणि तांदळातले खडे निवडावेत तसे अनोळखी फॉन्ट वेचून फेकले. त्या खड्यांत मराठी टंकनाचा जुना फॉन्ट कृतिदेवही गेला.

संध्याकाळी बायकोने बचत गटाचं इतिवृत्त उघडलं. 'मराठी'च्या जागी ई, जे, के, बी, एच. गावाचं नाव तर प्रश्नचिन्हानेच सुरू: प्रश्नचिन्ह, के, के, एस, व्ही, एच.

"अहो, घोटीचं हे काय करून ठेवलंत?"

तेव्हा उमगलं, की त्या फाइलीत मराठी कधी नव्हतीच. आत इंग्रजी अक्षरं, वरून देवनागरीचा सदरा. तो मी ओढून काढला होता. युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, पुढे एपीएलच्या खुणांनाही मिळाले. एक सदरा गेला तर दुसरा चढवता येतो, आतला माणूस तोच राहतो.

कृतिदेव परत बसवला. भाच्याने फोनवरूनच माझं मूळ दुखणंही शोधलं: फॉन्ट नुसता बसवून भागत नाही, प्रोग्रॅममध्ये तो निवडावाही लागतो. निवडला. डबे गेले, खुणा उमटल्या. काठीसारखी आयोटाची खूण काढून पुढे पाच लिहिले. उत्तर आलं: १ २ ३ ४ ५.

"एवढं तर अंगणवाडीतली पोरंही म्हणतात," बायको म्हणाली.

तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधली कागदपत्रं असतील, तर आजच युनिकोडमध्ये बदलून घ्या. प्रत्येक घरात माझ्यासारखा एक तरी असतो, आणि पावसाळा दरवर्षी येतो.