नाव कुणाचं लावायचं?

आमच्या तालुक्याच्या गावात दर मंगळवारी रात्री आठ वाजता रोटरी क्लबची मीटिंग असते. आठ म्हणजे पावणेनऊ. वार मंगळवारच का, तर गुरुवारी गावचा बाजार, शनिवारी कुणाचे ना कुणाचे उपास, आणि सोमवारी बाजारपेठ बंद असल्यामुळे सगळे सभासद घरात सापडतात. घरात सापडलेल्या माणसाला बायको मीटिंगला सोडत नाही.

सुरुवातीला अध्यक्ष गळ्यात कॉलर घालतात. तिच्या पट्ट्यांवर आजवरच्या सगळ्या अध्यक्षांची नावं कोरलेली असल्यामुळे ती दर वर्षी थोडी जड होते, आणि नव्या अध्यक्षांची मान नम्रतेने झुकली आहे असं पाहुण्यांना वाटतं. मग घंटा, राष्ट्रगीत आणि चार प्रश्नांची कसोटी. ही कसोटी 1932 साली हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची एक बुडीत कंपनी सावरण्यासाठी लिहिली, याचा आमच्या भांडीवाल्या सभासदांना फार अभिमान आहे. सिमेंटवाले, सोनार, बिल्डर, वकील आणि दोन डॉक्टर उभे राहून एका सुरात ‘आपण बोलतो ते खरं आहे का’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता खाली बसतात.

यानंतर हॅपी बॉक्स फिरतो. आपल्याकडे काही आनंदाची गोष्ट घडली असेल तर ती सांगायची आणि पेटीत नोट टाकायची. मुलगा सीए झाला, शंभर रुपये. नवी गाडी घेतली, दोनशे. एका सभासदाने महिनाभर मुक्कामाला असलेले जावई काल रात्रीच्या विमानाने परत गेले म्हणून पाचशे टाकले, आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी या क्लबाच्या बुलेटिनचा संपादक. काम सोपं आहे. मजकुरात नावं येतात आणि नावांच्या मधे उरलेल्या जागेत मजकूर. वक्त्याचा परिचय भाषणापेक्षा लांब असतो आणि आभार परिचयापेक्षा लांब. हजेरीचा नियम आता बराच सैल झाला आहे, पण पूर्वी इथली मीटिंग चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ती भरून काढावी लागे. आमचे एक ज्येष्ठ सभासद लेकीसाठी स्थळ बघायला कोल्हापूरला गेले आणि तिथल्या क्लबात जेवून, हजेरीचं कार्ड घेऊन आले. स्थळ जमलं नाही. हजेरी शंभर टक्के राहिली.

रोटरीत सभासदाच्या बायकोला ‘अ‍ॅन’ म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. माझ्या सौभाग्यवतींनी ती पहिल्याच पदग्रहण समारंभात मोडून काढली. “अहो, लग्नात एकदा नाव बदललं तेवढं पुरे,” असं त्या स्टेजवरून, माइक चालू असताना म्हणाल्या.

या सगळ्याला हसणं सोपं आहे आणि मी बुलेटिन सोडून इतर सगळीकडे हसतो. पण पोलिओ रविवारी हीच मंडळी सकाळी आठला, म्हणजे खरोखरच आठला, एसटी स्टँडवरच्या बूथवर असत. लशीचं काम नर्सबाईंचं. आमचे सोनार पोरांच्या डाव्या करंगळीला शाई लावत, आणि ती इतक्या हलक्या हाताने की एरवी ते सोनंच तोलतात हे पटावं. रोटरीने 1985 साली पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त ठरला. त्या आठवड्यात हॅपी बॉक्स भरून वाहिला आणि कुणीही स्वतःच्या मुलाबद्दल बोललं नाही.

एरवी मात्र आमची समाजसेवा पाटीच्या मापाने मोजली जाते. स्टँडसमोरच्या बागेत आम्ही बाकं दिली. त्यांच्या पाठीवर क्लबाचं चाक, अध्यक्ष, सचिव, प्रकल्पप्रमुख, देणगीदार, देणगीदाराचे दिवंगत वडील आणि दुकानाचा फोन नंबर एवढं मावलं. झाडांना जाळ्या दिल्या. झाडं गेली तरी जाळ्यांवरची नावं अजून वाचता येतात. पाणपोईवर कै. मातोश्री आहेत, बसथांब्याच्या शेडवर कै. तीर्थरूप आहेत. बाहेरगावचा माणूस स्टँडवर उतरला तर पहिल्या दोनशे पावलांत त्याला गावातली सगळी सधन घराणी समजतात.

अशा क्लबात एका मंगळवारी डॉक्टरबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या: गुरुवारच्या बाजारात आसपासच्या खेड्यांतून बायका भाजी घेऊन येतात. सकाळी सातला बसतात, दिवेलागणीला उठतात. बाजारात त्यांच्यासाठी शौचालय नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि शुक्रवारी लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात येतात. डॉक्टरबाईंनी एवढंच सांगितलं आणि त्या बसल्या. सभागृहात शांतता पसरली. मग एक माजी अध्यक्ष म्हणाले, “विषय उत्तम आहे, पण जेवणाच्या आधी नको.”

जेवणानंतर प्रश्न उभा राहिला तो नावाचा. पैसे सगळ्यांकडे होते. सोनारांनी तर आकडाही बोलून टाकला होता, पण तो आईच्या स्मरणार्थ, आणि काय बांधायचंय हे नीट ऐकू येण्याआधी. ऐकू आल्यावर ते म्हणाले, “आईचं नाव तिथे लावलं तर मी घरी जाऊ की नको?” वडिलांचं चालेल का, असं कुणीतरी सुचवलं. सिमेंटवाल्यांनी सिमेंट द्यायचं कबूल केलं, पण पाटीवर नाव नको. पाटीवर नाव नको, हे वाक्य आमच्या क्लबात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मी ते जसंच्या तसं बुलेटिनमध्ये छापलं.

पुढच्या मंगळवारी मी रोटरीचा जुना इतिहास वाचून दाखवला. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत चौघे पहिल्यांदा जमले: पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसायचे, म्हणून रोटरी. (आम्ही एकमेकांच्या दुकानात बसत नाही. उधारीचा विषय निघतो.) सुरुवातीला मैत्री आणि धंदा एवढाच हेतू होता. पुढे सेवा करावी असं ठरल्यावर, 1907 साली, या क्लबाने शिकागो शहरासाठी पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं. ते होतं सार्वजनिक शौचालय.

सभागृह पुन्हा शांत झालं, पण या वेळी निराळ्या रीतीने. विरोध तिथेही झाला होता. बिअरवाल्यांचं म्हणणं, आमच्या गुत्त्यांत सोय आहेच की. मोठ्या दुकानदारांचं म्हणणं, आमच्याकडे बायकांना मुभा आहेच की. दोघांचाही खरा मुद्दा हा, की आत आलेलं गिऱ्हाईक काहीतरी घेऊनच बाहेर पडतं. हे आमच्या व्यापाऱ्यांना लगेच समजलं. आपल्या क्लबाची मूळ परंपरा बाक नसून संडास आहे, हे समजायला थोडा वेळ लागला. 1989 पर्यंत रोटरीच्या घटनेत बायकांना सभासदत्वच नव्हतं, हेही मी सांगितलं. डॉक्टरबाई त्यावर फक्त हसल्या, आणि ते हसणं सगळ्यांना समजलं.

नगरपालिकेने जागा दिली. समोरचे दुकानदार म्हणाले, कल्पना छान आहे, पण आमच्या दारासमोर नको. जागा सरकली. तिथले दुकानदार तेच म्हणाले. पुढची अडचण आमच्या कॅलेंडरची होती. रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला अध्यक्ष बदलतो. परवानगीचा कागद मात्र दोन अध्यक्षांना पुरून उरतो. मागच्याच्या कामाला हात लावायचा नाही हा नव्या अध्यक्षाचा अलिखित नियम, त्यामुळे एकाच खड्ड्याचं भूमिपूजन दोनदा झालं. दुसऱ्या वेळी गुरुजींनी संकल्प सांगण्याआधी मागचं पूजन पूर्णत्वाला का गेलं नाही, अशी चौकशी केली.

उद्घाटनाला डिस्ट्रिक्ट गव्हर्नर आले. फीत कुठल्या दाराला बांधायची यावर वाद होऊन ती दोन्ही दारांना मिळून एकच बांधली. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांचा परिचय सुरू झाला. गुरुवारच होता. डोक्यावर मेथीची पाटी घेतलेल्या एक आजी गर्दीतून पुढे आल्या, पाटी सचिवांच्या हातात दिली आणि अध्यक्षांना म्हणाल्या, “फोटू झाला असंल तर सरा बाजूला.” फितीखालून वाकून त्या आत गेल्या. फीत त्यानंतर कापली गेली.

दर मंगळवारचा हॅपी बॉक्स आता तिथे झाडलोट करणाऱ्या बाईंच्या पगाराला जातो. कमी पडलं की दंड वाढवतात: उशिरा आलात, दंड; फोन वाजला, दंड; बुलेटिनमध्ये नाव आलं, दंड. दारावर पाटी आहे. तिच्यावर क्लबाचं चाक आणि बाण, एवढंच. शुक्रवारी दवाखान्यातली गर्दी कमी झाली, असं डॉक्टरबाई म्हणतात, आणि त्यांना हे धंद्याच्या दृष्टीने परवडतं का, असं सोनार विचारतात.

शेजारच्या गावच्या रविवारच्या बाजारासाठी असंच दुसरं बांधायचं ठरलं आहे. देणगी रोख किंवा चेकने चालेल. पावती मिळेल. नाव लागणार नाही.