सॉल्टवाले नाना

अमरावतीच्या राजकमल चौकात कुणी "काय नाना, तब्येत कशी?" असं विचारलं की नाना सांगतात, "टेल्मिसार्टन चाळीस, मेटफॉर्मिन पाचशे. बाकी बरं हाय." गोळ्यांची कंपन्यांनी ठेवलेली नावं ते तोंडानं घेत नाहीत. नाव कंपनीचं, सॉल्ट आपलं.

जिल्हा परिषदेत हेडक्लार्क असताना नाना लोकांची प्रवासभत्त्याची बिलं तपासायचे. निवृत्तीनंतर तीच नजर गोळ्यांच्या पाकिटांकडे वळली. मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन साइझ मोठ्या अक्षरात छापावं, असा नियम २०१८ साली झाला. नाना पाकिटावर पट्टी ठेवून ते मोजतात.

औषधाच्या दुकानात नाना चढले की नोकर मालकाला पुढं करतो.

"हेच सॉल्ट सस्त्या कंपनीचं दे ना बावा."

"चिठ्ठीवर लिवलं तेच द्या लागते नाना. बदलता येत नाही, कायदाच हाय तसा."

"मंग डॉक्टरनं सॉल्टच काऊन नाही लिवलं?"

मालक पंख्याकडे पाहतो. मागं रांग वाढते, आणि नाना रांगेकडे तोंड करून सांगू लागतात. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नावच लिहावं, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला काढला आणि २३ ऑगस्टला स्थगित केला. "एकवीस दिवस जगला बिचारा! कोनी तेरवी तरी केली काय त्याची?"

सरकारी योजनांचाही त्यांचा अभ्यास पक्का. महात्मा फुले योजनेचं कार्ड त्यांच्या खिशात असतं, पण त्यावर त्यांचा राग आहे. "भरती झालो तं सरकार बिल भरते. अन् भरती होऊ नाही म्हून रोज गोळी खातो, थिचे पैसे कोन देते?" खरं सांगायचं तर या प्रश्नावर त्यांना चौकात आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. इर्विन दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सगळं फुकट झालं, तेव्हा नाना तपासणीला म्हणून जाऊन आले. काही होत नव्हतं.

घरात मात्र त्यांचं चालत नाही. जनऔषधी केंद्रातून आणलेल्या गोळ्या काकूंनी उलटसुलट करून पाहिल्या.

"अहो, निम्म्याहून कमी किमतीत देते म्हंजे काहीतरी काढून घेतलं असन इच्यातलं."

"काढलं ना! कंपनीच्या एमआरचं पेट्रोल काढलं, डॉक्टरच्या टेबलावरचं क्यालेंडर काढलं!"

"पहिलेची गुलाबी होती. हे पांढरी हाय. खडू अन् इच्यात फरक काय?"

शेवटी नानांनी पांढऱ्या गोळ्या जुन्या ब्रँडच्या डबीत भरून ठेवल्या. काकूंना लगेच गुण आला. डबी कुणी बदलली हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण नवऱ्यानं दहा वर्षांत पहिल्यांदाच घरातली एक डबी आवरली होती, ते मोडू कशाला?

अमरावतीच्या केंद्रात एखादी गोळी संपली की नाना अकोल्याची एसटी पकडतात. पंच्याहत्तरीनंतर तिकीट लागत नाही, ही सवलत ऑगस्ट २०२२ पासूनची. मूर्तिजापूरला आलुबोंडा, अकोल्यात ऑटो, परतताना पुन्हा चहा. जावयानं एकदा हिशेब मांडून दाखवला, की वाचले त्याहून जास्त गेले. नानांनी त्याच्याकडे नव्या कारकुनाकडे पाहावं तसं पाहिलं. "तो प्रवासखर्च. औषधीचं हेड वेगळं."

मागच्या महिन्यात त्यांचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले म्हणून नाना एका नव्या पोरसवदा डॉक्टरकडे गेले. त्यानं तपासलं आणि चिठ्ठी लिहिली: ठळक, सुटी, मोठी अक्षरं. टेल्मिसार्टन. मेटफॉर्मिन. अटोरव्हास्टॅटिन. ब्रँड एकही नाही. वर म्हणाला, "जनऔषधीतून घ्या काका, सस्ती पडते."

नाना बाहेर बाकावर बसले. चिठ्ठी दोनदा वाचली, उजेडात धरली. भांडायला काहीच जागा नव्हती.

"पाहून घेतलं ना बरोबर त्यानं?" काकूंनी घरी विचारलं.

"काय माहीत," नाना म्हणाले. "पोरगा नवा दिसते. याचा दवाखाना चालत नसन, नाही तं इतकं सस्तं काऊन लिवलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते अकोल्याला गेले. तिथं एक जुने डॉक्टर आहेत. त्यांचं अक्षर कुणालाच लागत नाही.