मोहोळ मुक्कामी समुद्री बदक ओळखण्याची खात्रीशीर पद्धत

पौष लागला की मोहोळ तालुक्यात ज्वारी हुरड्यावर येते आणि पक्षिनिरीक्षक दुर्मीळ पक्ष्यावर येतात. १९७९ साली ज्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यात अभयारण्य जाहीर झाले, तो माळढोक हल्ली सहसा दर्शन देत नाही. तेव्हा जिल्ह्याची अब्रू राखण्याची जबाबदारी पाण्यावर आली आहे. ग्रेटर स्कॉप हे बदक त्यासाठी उत्तम. समुद्री बदकांच्या कुळात त्याचे कागदोपत्री नाव नाही; पण ते हिवाळा बहुधा समुद्राच्या खाड्यांत काढते आणि भारतात क्वचितच येते. मोहोळपासून समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एवढे अंतर मनावर घेऊ नये.

पायरी १ : निर्णय. आज स्कॉप दिसणार, हे घरून निघतानाच ठरवावे. आधी बघून मग ठरवण्यात सकाळ वाया जाते.

पायरी २ : जागा. आष्टीच्या ब्रिटिशकालीन तलावावर सूर्याकडे तोंड करून उभे राहावे. उजेड समोरून आला की सगळी बदके सारखीच काळी दिसतात आणि हवे ते निवडता येते. सूर्य पाठीशी घेणाऱ्यांना रंग दिसतात व त्यांचा हिरमोड होतो.

पायरी ३ : गर्दी हटवणे. पांढऱ्या कपाळाचा काळा पक्षी म्हणजे वारकरी. पंढरपूर जवळ असल्याने त्याला मान द्यावा, पण तो बदक नव्हे. फावड्यासारख्या चोचीचा तो थापट्या. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले ते हळदी-कुंकू. बुड वर करून चरणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. आपले बदक सबंध बुडी मारते.

पायरी ४ : शेंडी बदकाचा काटा काढणे. हाच खरा अडसर. नराची पाठ काळी, कूस पांढरी, डोळा पिवळा आणि डोक्यामागे लोंबती शेंडी. स्कॉपच्या नराला शेंडी नसते, डोके गोल व हिरव्या झाकेचे, पाठ राखाडी. इथे दोन सोयी उपलब्ध आहेत. बुडी मारून वर आलेल्या शेंडी बदकाची शेंडी मानेला चिकटते, त्यामुळे “शेंडी नाही” असे छातीठोक सांगता येते. आणि काळी ओली पाठ उन्हात चकाकली की राखाडी भासते. एवढ्यावर अर्धे काम होते.

पायरी ५ : मादी. स्कॉपच्या मादीच्या चोचीभोवती रुंद पांढरा पट्टा असतो. शेंडी बदकाच्या काही माद्यांनाही तिथे पांढरे असते, पण बहुधा कमी. “कमी” म्हणजे किती, यावर वाद घालता येतो. म्हणून शक्यतो मादीच निवडावी.

पायरी ६ : चोच. चोचीचे टोक पाहू नये. शेंडी बदकाच्या चोचीचे टोक बऱ्यापैकी रुंद काळे असते, स्कॉपचे फक्त नखाएवढे. ही खूण फार स्पष्ट असल्याने घातक आहे. कोणी दुर्बीण स्थिर धरून तिकडे बघू लागल्यास त्याला चहा द्यावा.

पायरी ७ : संकर. सोबत्याने फारच खोलात शिरून प्रश्न विचारले, तर “संकर असेल” म्हणावे. शेंडी बदक आणि लालसरी बदक यांचे संकर खरोखर होतात आणि त्यांतले काही स्कॉपसारखेच दिसतात. यामुळे आपले म्हणणे सिद्ध होत नाही, पण समोरच्याचेही होत नाही.

पायरी ८ : नोंद. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नाव टाकताच तपशील मागितला जातो आणि तपासणारा विचारतो : शेंडी बदक का नाही? इथे पायरी १ उपयोगी पडत नाही. शेंडी, पाठ, चोचीचे टोक, संकर, सगळ्यांची उत्तरे लागतात. म्हणजे पायरी २ पासून सगळे उलटे करावे लागते. सूर्य पाठीशी, नजर चोचीवर.

एवढे करून स्कॉपच उरला, तर ही पुस्तिका फाडावी आणि तालुक्यातल्या सगळ्यांना बोलवावे. शेंडी बदक उरले, तर नाक मुरडू नये. ते हजारो किलोमीटर उडून आष्टीला आले आहे. त्याला “साधे” म्हणण्याआधी आपण पंढरपूरच्या पलीकडे शेवटचे कधी गेलो होतो, ते आठवून पाहावे.