कपड्यांचं सोडा, टॉवेलचं बोला

सुरतजवळ इच्छापोरहून हजीऱ्याच्या रस्त्याला लागलं की कंटेनरांच्या मागे अडकून चिंतनाला भरपूर वेळ मिळतो. त्या चिंतनातून आलेली एक नम्र सूचना: पुढे सुवालीचा किनारा आहे, तापीपलीकडे डुमस आहे, तेव्हा यांपैकी एक युरोपातल्यासारखा बिनकपड्यांचा अधिकृत किनारा म्हणून जाहीर करावा. गुजरातेत दारूबंदी आहेच, आता कपडेबंदी करून पाहू.

अडचण कायद्याची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे डुमसला चार पाहुण्यांना टोमॅटोची भजी खिलवण्याचा खर्च. तो परवडेल. खरी गोम ‘त्रासा’त आहे, आणि त्रास करून घेणाऱ्यांचा तुटवडा या देशात कधीच पडला नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये मिलिंद सोमण पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावले. फोटो घरोघरच्या मोबाइलवर पोचला, लोकांनी तो नीट, मोठा करून पाहिला आणि मग गुन्हा दाखल झाला. याच गृहस्थांवर 1995 च्या बुटांच्या जाहिरातीचाही खटला होता. सोबत मधु सप्रे आणि एक अजगर. निर्दोष सुटायला 2009 उजाडलं. अंगावर काही नसूनही आरोपी न झालेला त्यात एकटा अजगर.

पण समजा, सरकारने उद्या परवानगी दिली. तरी आपल्याला ते जमणार नाही, आणि अडणार ते कपड्यांवर नव्हे. जर्मनीतले मुक्तदेहवाले असोत की फ्रान्समधल्या काप दाग्दची निर्वस्त्र वसाहत, तिथले रिवाज फार जाचक आहेत. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. न विचारता फोटो काढायचा नाही. बसाल तिथे आधी स्वतःचा टॉवेल अंथरायचा.

बघायचं नाही? आपण शेजारच्या प्रवाशाचा मेसेज त्याच्याआधी वाचून संपवतो. फोटो नाही? मग समुद्रावर जायचं कशाला? जुलै 2025 मध्ये डुमसच्या वाळूत बंदी असताना नेलेली मर्सिडीज रुतली, तर तिचाही व्हिडिओ देशभर फिरला. जिथे गाडीला खासगीपणा नाही, तिथे माणसाला कुठून मिळणार? राहता राहिला टॉवेल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली जात. इथेही पहाटे पाचला एक जण येऊन बारा टॉवेल अंथरून जाईल आणि दुपारपर्यंत ‘माणसं येतायत’ म्हणून सांगत बसेल. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना ही योजना सांगितली, तर त्यांनी नग्नतेबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, “पाकीट कुठे ठेवायचं?”

आता कुणी म्हणेल, ही परदेशी थेरं. त्यांच्या माहितीसाठी: जगातलं पहिलं ज्ञात निसर्गवादी, म्हणजे बिनकपड्यांचं, मंडळ 1891 साली ठाणे जिल्ह्यात निघालं. संस्थापक कोण? ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश, चार्ल्स क्रॉफर्ड! दिवसा दंडविधान, सुट्टीत माथेरान नाहीतर तुळशी तलाव. सभासद तीन: स्वतः न्यायाधीशसाहेब आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. मुंबई इलाख्यातलं काम, त्यामुळे नियमावली आधी तयार. अंगावर काही नको. सवलत फक्त अंगठी, चष्मा आणि कवळी यांना. (इच्छापोरच्या जेम अँड ज्वेलरी पार्कने या पहिल्या सवलतीची नोंद घ्यावी. गिऱ्हाइकाच्या अंगावर दुसरं काही नसताना हिरा जितका उठून दिसेल, तितका कुठल्याच शोरूममध्ये दिसणार नाही.)

या मंडळावर ना मोर्चा आला, ना कुणाच्या भावना दुखावल्या. ते बंद पाडायला संस्कृती लागली नाही की पोलीसही लागले नाहीत. 1892 मध्ये साहेबांची रत्नागिरीला बदली झाली, एवढंच.