पाणी येलालंय

माझ्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नाही, तरी माझं एक आवडतं परदेशी शहर आहे. हेदवी. गुहागर तालुक्यातलं कुणी हे वाचलं तर हसेल. हेदवीला शहर म्हणायला तिथल्या सरपंचांनाही जड जाईल. पण मी लातूरचा. सुपारी पानटपरीवरच्या बरणीत उगवत नाही, झाडाला लागते, हे मी विसाव्या वर्षी हेदवीत पाहिलं. जिथे भाकरी मागितली की तांदळाची येते आणि ज्वारी हा शब्द काढला की लोक आजाऱ्याकडे बघावं तसं बघतात, तो परदेश नाही तर काय?

दरवर्षी मी एकटा जातो. वही घेऊन समुद्रासमोर बसतो. वहीत काही लिहीत नाही, पण लांबून बघणाऱ्याला मी लेखक वाटावा एवढी सोय होते. यंदा बायको म्हणाली, "आत्यांना घेऊन जा. शहात्तर वर्षांच्या झाल्या, समुद्र बघितला नाही." मी वहीकडे पाहिलं. वहीने काही मदत केली नाही.

आत्याचं सामान म्हणजे एक कापडी पिशवी आणि तेलाचा पाच लिटरचा कॅन. कॅनमध्ये पाणी. लातूरचं. असे दोन कॅन तिने पुण्याला आमच्याकडे येताना आणले होते. एक आठ दिवस पुरवून पुरवून संपवला, दुसरा खास कोकणासाठी राखलेला. परगावचं पाणी बाधतं, हे तिचं शास्त्र. "आत्या, तिथे नुसतं पाणीच पाणी आहे गं." "असू दे. त्यांचं त्यांना." पुढे एकच सूचना: "मांडीवरनं खाली ठिवू नको."

यावर हसायची माझी हिंमत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाहुणा रेल्वेने येतो हे आत्याला माहीत होतं. पाणी येतं हे तिने त्या वर्षी बघितलं. तेव्हापासून ती घरातलं पाणी लोक पैसे मोजतात तसं मोजते, रात्री झोपताना एकदा आणि सकाळी उठल्यावर पुन्हा.

एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही. त्यामुळे आत्या फुकट, खिडकी तिची, आणि पूर्ण तिकीट काढलेला मी कॅन मांडीवर घेऊन मधे. सातारा, उंब्रज, पाटण. कोयनानगर आलं तसं मला शहाणपण सुचलं. माहिती सांगायची खोड वाईट. म्हटलं, "आत्या, हे कोयना धरण. इथलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात, त्यावर वीज करतात. मग ते वाशिष्ठी नदीत जातं आणि तिथून समुद्रात."

"कुठं?"

"समुद्रात."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती?"

"वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी सोडायची परवानगी आहे."

"मला टीएमशी सांगू नको. आपल्या गाडीच्या हिशेबानं सांग. किती गाड्या?"

एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. त्याला साडेसदुसष्टने गुणायचं, पाच लाखांनी भागायचं. शून्यं मोबाइलच्या पडद्यात मावेनात, म्हणून वही काढली (वहीत लिहिलेला हा पहिला मजकूर), आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून कॅन खाली ठेवला. मांडीवरनं खाली. कुंभार्ली घाटाच्या तोंडावर.

उत्तर आलं अडतीस लाख गाड्या. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि पहिलं वळण आलं.

कॅन आडवा झाला, झाकण उडालं. घाट चिपळूणकडे उतरतो, त्यामुळे पाण्याला दिशा शोधावी लागली नाही. ते आधी पुढच्या बाकावर झोपलेल्या गृहस्थांच्या चपलांत शिरलं, मग डाव्या वळणाला उजवीकडे गेलं आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा भिजवला. उजव्या वळणाला डावीकडे येऊन एका पिशवीतल्या रव्याचा त्याने परस्पर सांजा केला. रव्याची मालकीण ओरडली. मागचं एक पोरगं कागदाची होडी करायला बसलं. मी कॅन पकडायला वाकलो, तर तो माझ्या हातांतून निसटून बाकांखालून पुढे निघाला, मागे मी रांगत, आणि प्रत्येक बाकाशी "जरा पाय... जरा पाय घ्या" असं म्हणत पन्नाशीचा गृहस्थ लोकांच्या पोटऱ्यांतून चाललेला. चालकाच्या मागच्या जाळीशी तो हाती लागला तेव्हा तळाशी तांब्याभर पाणी होतं. उरलेलं माझ्या पँटवर होतं, नेमकं नको तिथे.

वाहक मधे येऊन उभा राहिला. खालचा ओघळ बघितला, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "कुणाच्या पोरानं केलं हे?"

आख्खी बस गप्प. तेवढ्यात खिडकीजवळून आत्याचा खणखणीत आवाज आला, "पोराचं नाही. माझ्या भाच्याचं आहे."

चिपळूण येईपर्यंत माझ्या शेजारी उभं राहायलाही कुणी तयार नव्हतं. आत्या मात्र पदराने जमीन टिपत होती. पदर खिडकीबाहेर पिळताना दर वेळी तिचा हात क्षणभर थांबायचा. मला आधी राग येत होता: एवढ्याशा पाण्यासाठी चारचौघांत माझी ही शोभा. मग तो थांबलेला हात दिसला आणि मी खाली बसून रुमालाने टिपायला लागलो. आम्ही दोघांनी मिळून एसटीची ती बस पुसली. रव्याच्या मालकिणीला नव्या रव्याचे पैसे दिले. पत्रिकावाल्याने पैसे घेतले नाहीत. लग्नाचं आमंत्रण दिलं, ओल्या पत्रिकेसकट.

हेदवीला दशभुज गणपती बघितला. पांढरा दगड, दहा हात, मांडीवर लक्ष्मी. मी प्रत्येक हातातलं आयुध ओळखून दाखवत होतो, पण आत्याची नजर सोंडेवर. सोंडेत अमृतकुंभ आहे. "बघ," ती म्हणाली, "देवसुद्धा स्वतःचं पाणी घेऊन बसलाय."

मी नेहमी उतरतो त्या घरच्या काकूंशी तिचं पहिल्या तासात जुळलं. मे महिना होता. काकू म्हणाल्या, "विहिरीचा तळ दिसायला लागलाय हो, जरा बेतानं." एवढा पाऊस पडून कोकणात उन्हाळ्यात टँकर फिरतात, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार ते समुद्राला देऊन टाकतो. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. दोघी पडवीत बसून तांदूळ धुतलेलं पाणी कशाकशाला वापरता येतं यावर तासभर बोलल्या. मग विषय समुद्राकाठच्या बामणघळीवर आला.

"बामणघळीला पाणी किती वाजता येतं?" आत्याने विचारलं, नळाचं विचारावं तसं.

"आज वद्य द्वितीया," काकू म्हणाल्या. "तिथीची पाऊणपट. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती. मग रात्री पुन्हा, दोनच्या सुमाराला."

"दिवसातनं दोनदा?"

"दोनदा."

"रोज?"

"रोज. फक्त रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं."

"तेवढं चालायचंच," आत्या म्हणाली. असा पाणीपुरवठा तिने जन्मात ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तृतीया, म्हणजे सव्वादोन. आत्या एक वाजताच तयार. उमामहेश्वराच्या देवळापलीकडे काळ्या खडकांवरून हळूहळू तिला नेलं. बामणघळ म्हणजे कातळाला पडलेली अरुंद, खोल चीर. लाट तिच्यात घुसते, आत कोंडते आणि वाट न मिळून वर उसळते. आम्ही काठापासून चांगलं लांब, कोरड्या खडकावर बसलो. पंधरावीस पर्यटक मोबाइल रोखून उभे. आधी नुसतं गुरगुरणं. मग खडकाच्या पोटात काहीतरी धडकलं, हवा फुस्स करून बाहेर पडली, आणि शहात्तर वर्षांची माझी आत्या ताडकन उभी राहून गल्ली जागी करणाऱ्या आवाजात ओरडली:

"पाणी येलालंय!"

पर्यटक समुद्राकडे पाठ करून तिच्याकडे बघत राहिले, म्हणून कारंजं कुणाच्याच मोबाइलमध्ये नीट आलं नाही. आत्याचा उजवा हात बाजूला काहीतरी चाचपडत होता. कॅन घरी राहिला होता.

रात्री कुणीतरी मला हलवलं. "ऊठ. पाणी यायची वेळ झाली." पावणेतीन वाजले होते. बाहेर ओटीवर ती गुडघे जवळ घेऊन बसली होती. चांदणं माडांवर पडलेलं. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता, आधी लांब, मग थोडा जवळ. मीही शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली.

"आलं," म्हणाली. "जा, झोप तू. भरायचं काही नाही."

आणि स्वतः तिथेच बसून राहिली.