जावईबापूंची इटली आणि आमचा हुरडा

आमचे दाजी राहतात पुण्यात आणि जेवायला जगभर जातात. मागे ते एका ग्रुपबरोबर इटलीत टस्कनीला जाऊन आले. बघायला नव्हे, खायला. शेतकऱ्याच्या घरी मुक्काम, सकाळी त्याचे ऑलिव्ह तोडायचे, दुपारी त्याच्या आईच्या धाकात पीठ मळायचं, रात्री आपणच लाटलेलं आपणच खायचं आणि निघताना बिल भरायचं. देवगाव फाट्याच्या आमच्या शेतात बाजेवर बसून दाजी हे सांगू लागले, तेव्हा चटणी वाटणाऱ्या काकूचा हात थांबला.

"पीठ तुम्ही मळलं, जावईबापू?"

"हो."

"आन् पैसे बी तुम्हीच दिले?"

सासुरवाडीत ज्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत, त्याला परमुलखात कुणी परातीपुढे बसवलं, याचं काकूला फार लागलं. पैशाचं दुःख नंतर.

इटलीवाले मात्र हुशार. शेती सांभाळून पाहुणे ठेवा, घरचं खाऊ घाला आणि चार पैसे मिळवा, असा कायदाच त्यांनी 1985 साली केला. आपल्या राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं 2020 मध्ये. मधली 35 वर्षं आम्ही पाहुण्यांना फुकट जेवू घातलं आणि वर टॉवेल-टोपी दिली.

दाजींच्या ग्रुपला आता 'आपल्या मातीतला अनुभव' हवा होता, म्हणून ही हुरडा पार्टी. टस्कनीत टेकड्यांवर सुरूच्या रांगा आहेत म्हणे. आमच्याकडे फाटा आहे. एक रस्ता जालन्याकडे, एक जिंतूरकडे, एक सेलूकडे. इथं उतरणाऱ्या बहुतेकांना दुसरीकडेच जायचं असतं, त्यामुळे मुद्दाम इथंच आलेली माणसं बघायला निम्मं हॉटेल बाहेर आलं.

ग्रुपमधल्या एका मॅडमनी महिनाभर आधीच वेळापत्रक मागितलं होतं. हुरड्याला कुठलं आलंय वेळापत्रक? दाणा हिरवा आणि दुधाळ असतो ते दिवस मोजके. जरा उशीर केलात की त्याची ज्वारी होते, मग खा भाकरी. काका रोज सकाळी कणसातले दोन दाणे दाताखाली घेऊन निकाल देतात आणि त्यावर अपील नसतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी 'परभणी वसंत' नावाचा खास वाण काढला आहे. काकांचा जीव मात्र जुन्या सुरतीवर. विद्यापीठाला ते मान देतात, कणीस देत नाहीत.

आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुलला. काका कणसं खुपसत होते, पोरं गरम कणसं तळहातावर चोळत होती, काकू तिळाची चटणी, दही, गूळ पुढे सरकवत होती. मॅडमनी विचारलं, "यात ग्लुटेन असतं का?" काका दुखावले. "ताई, आपण कायी मिसळत नसतो. निव्वळ ज्वारी हाय." उत्तर शास्त्राला धरूनच होतं. 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळल्यापासून पुण्यात ज्वारीची पत वाढली आहे. पूर्वी हीच मंडळी लग्नात भाकरी दिसली की पुरी शोधायची.

एवढ्यात दाजींना इटली चढली. "मी चोळणार!" काकू नको नको म्हणेपर्यंत त्यांनी कणीस हातात घेतलं, तितक्याच वेगानं सोडलं, पुन्हा घेतलं. शेवटी दाणे सुटले. मग कोंडा उडवायला त्यांनी अशी फुंकर मारली की कोंडा हातावर राहिला आणि हुरडा मॅडमच्या गॉगलवर. त्यावर ग्रुपनं टाळ्या वाजवल्या आणि प्रत्येकाला स्वतःच चोळायचं सुचलं. पुढचा तासभर पोरं बाजेवर बसून ऊस खात होती आणि पुण्याची मंडळी आगटीभोवती राबत होती. काकू हे सगळं नीट बघत होती.

निघताना दाजींनी पाकीट काढलं. काका ओरडले, "जावयाकडून पैसे?" आणि टॉवेल-टोपी आणायला आत गेले. काकू मात्र बाकीच्यांकडे वळली.

तुम्हालाही यायचं असेल तर जानेवारीत या. सेलूला रेल्वेनं उतरा, तिथून फाटा जवळच. काकूनं आता दर ठरवले आहेत. आम्ही चोळून दिलेला हुरडा साध्या दरात. स्वतः चोळायचा असेल तर दुप्पट पडतील.