विसावा कुणाच्या बंगल्यात?

आठवड्याला सत्तर तास काम करा, असं नारायण मूर्ती 2023 मध्ये म्हणाले. 2025 उजाडताच एल अँड टीचे सुब्रह्मण्यन नव्वदवर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली.

मोठं काम घड्याळ बघून होतं, हे यांना कुणी सांगितलं?

'गीता प्रवचने' घ्या. धुळ्याचा तुरुंग, 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932. दर रविवारी एक अध्याय. विनोबा बोलायचे, साने गुरुजी लिहून घ्यायचे. मधले सहा दिवस विषय मनात मुरायचा. मराठी घराघरांत गेलेला ग्रंथ झाला किती दिवसांत?

अठरा रविवारांत.

आणि रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे भांडले म्हणून, 10 जून 1890 ला. मालक आपणहून कधी दयाळू झाले होते?

तुरुंगातून सुटल्यावर, 1932 च्या अखेरीस, विनोबा वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीत राहायला आले. सूत कातायचं आणि त्याच मजुरीवर जगायचं, असा पण केला. उजव्या हातानं कातलं, डाव्या हातानं कातलं. 640 तारांची एक गुंडी, अशा दिवसाला चार. आठ-नऊ तास बैठक मोडायची नाही.

पदरात काय पडायचं? चरखा संघाच्या दरानं दोन-सव्वादोन आणे. गरज होती आठ आण्यांची.

हात सरावलेला, मन एकाग्र, आळसाशी उभं वैर. अशा माणसाचं भागेना, तर खेड्यात सूत कातणाऱ्या बाईचं कसं भागावं? गांधीजींनी हाच प्रश्न लावून धरला आणि 1935 मध्ये चरखा संघाला मजुरीचे दर वाढवावे लागले.

बायांनी सोळा तास कातावं, असं कुणी सुचवलं नाही.

नालवाडीत विनोबांची प्रकृती मात्र ढासळली. वजन 88 पौंडांवर आलं. गांधीजी म्हणाले, थंड हवेच्या ठिकाणी जा. विनोबा 1938 मध्ये गेले ते जवळच्याच पवनारला. धाम नदीचा पूल ओलांडताना डोक्यातली सगळी कामं तिथंच सोडली. आश्रम नाही, संस्था नाही, चिंता नाही.

मग कुदळ घेतली. पहिल्या दिवशी खणलं फक्त पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. असं वाढवत दोन तासांपर्यंत. त्यातही सलग नाही. काही घाव घालायचे, थांबायचे, दम घेऊन पुन्हा घालायचे. थकवा येण्याआधीच विश्रांती. आपल्याकडे ती मोडून पडल्यावर मिळते, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

वजन 128 पौंडांपर्यंत गेलं. 1940 मध्ये गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून याच माणसाला निवडलं. 1951 मध्ये तो भूदानासाठी चालायला लागला आणि तेरा वर्षं चालतच राहिला. पवनारचे ते निवांत महिने वाया गेले, असं कोण म्हणेल?

हल्ली दुसरे उपदेशकही फिरताहेत. रोज चारच तास जीव ओतून काम करा, बाकी वेळ फिरा, वाचा, झोपा. सल्ला बरोबर आहे. पण देताय कुणाला? ज्याच्या एका तासाला मोल आहे, त्यालाच तो परवडतो. एमआयडीसीत पाळी संपवून पुन्हा ओव्हरटाइमला उभा राहणारा तरुण आळशीही नाही आणि अडाणीही नाही. त्याचा हिशेब नालवाडीचाच आहे: गरज आठ आण्यांची, हातात दोन.

पवनारला विनोबा उतरले तो बंगला जमनालाल बजाजांचा होता. ओव्हरटाइमशिवाय ज्याचा महिना निघत नाही, त्यानं विसावा कुणाच्या बंगल्यात घ्यायचा?